दात येताहेत

तोंडावर मावशी, आणि पाठ वळली की हवालदार. पाळणाघर चालवणाऱ्या बाईला असं नाव पडतं म्हणजे बाई काय असेल ते समजून घ्या. सकाळी सात वाजता ती कमरेवर हात ठेवून दारात उभी राहायची आणि आत येणाऱ्या प्रत्येक पोराची झडती व्हायची. कपाळाला हात लावायची, जीभ बाहेर काढायला लावायची, कानामागे बघायची. अंग जरा कोमट लागलं की पोर आल्या पावली परत. मग आई रडो, ओरडो, नाहीतर तिच्या कामाचा खाडा होवो.

"मावशी, जरासंच तर गरम आहे."

"जरासं काय नि फार काय. चहा आहे का तो?"

खोल्या दोनच. पुढच्या खोलीत चौदा पोरं, मागच्या खोलीत ती आणि तिची थोरली बहीण. नवरा दोघींनाही नव्हता. एकीचा मेला होता, एकीचा पळाला होता. कुणाचा कुठला, हे त्या विचारणाऱ्याला दर वेळी वेगळं सांगायच्या आणि तो गेला की तोंडाला पदर लावून हसायच्या.

ताईने तयार कपड्यांच्या कारखान्यात वीस वर्षं काजं-बटणं केली होती. तिथेच कधीतरी तिला एक जुनाट कावीळ लागली, ती रक्तात राहिली आणि हळूहळू लिव्हर खात गेली. डॉक्टर म्हणाले, "हे लिव्हर आता अर्ध्या पगारावर काम करतंय. त्याच्यावर नवं ओझं टाकू नका. साधी पाण्यातून होणारी कावीळसुद्धा हिला झेपायची नाही. तिची लस मिळते, ती टोचून घ्या." दोघी लस घ्यायला गेल्या होत्या. लस संपली होती. सोमवारी या म्हणाले. तो सोमवार काही उजाडला नाही. कुणी याला हयगय म्हणेल. म्हणू दे. चौदा पोरं कुणाच्या गळ्यात घालून जायचं, ते मात्र कुणी सांगणार नाही.

कारखाना सुटला तशी ताई पोरांना भरवायला बसायला लागली. केळं बोटांनी मऊ करायची, भात कालवायची आणि एकेक घास. हवालदारच्या हातून पोरं घाबरत खायची, ताईच्या हातून भांडत खायची.

"मी मरमर मरते, आणि लाड हिचे," हवालदार म्हणायची.

"तू ओरड, मी भरवते. कामं वाटून घेतलीत की आपण," ताई म्हणायची.

मग मागच्या गल्लीत पाण्याची लाईन फुटली आणि शेजारचं गटार तिच्यात शिरलं. लाईन दुरुस्त झाली, पण तोवर लोकांनी ते पाणी आठवडाभर पिऊन झालं होतं. तीनेक आठवड्यांनी त्या गल्लीत एकेक माणूस पिवळं पडायला लागलं. सरकारी दवाखान्याची नर्सबाई दारोदार फिरून सांगायला लागली. पाणी खळखळून उकळा, संडासहून आलं की साबणाने हात धुवा, रस्त्यावर कापून ठेवलेलं खाऊ नका.

हवालदारच्या तोंडचं पाणी पळालं. पोरांची काळजी होतीच, पण खरं सांगायचं तर तिच्या डोक्यात एकच गोष्ट ठाण मांडून बसली. ताईला ही कावीळ शिवता कामा नये. बस्स.

तिने मोठं पातेलं काढलं. पाण्याला उकळी फुटली की दोनशेपर्यंत मोजायचं, तोवर गॅसला हात लावायचा नाही. पोरंही तिच्याबरोबर ओरडून मोजायची, एकोणतीसनंतर थेट पन्नास. घरून बाटलीत आणलेलं पाणी ती दारातच ओतून टाकायची. सोललेलं फळ आणलं तर आल्या वाटेने परत. एका आईने कापलेलं कलिंगड डब्यात दिलं, तर हवालदारने तो डबा असा धरला, जणू आत साप आहे.

"अहो मावशी, घरी कापलंय!"

"घरी कापलंस, पण सुरी कुठल्या पाण्याने धुतलीस?"

ताईला तर तिने नळाजवळही फिरकू दिलं नाही. चूळसुद्धा उकळलेल्या पाण्याने. ताई हसायची, "आता डोळ्यांतलं पाणीपण उकळून गाळू का गं?"

एवढं सगळं केलं. आणि तरी.

पुढच्या खोलीत खिडकीखाली दोन स्टुलांवर एक फळी टाकलेली होती. तिच्यावर पोरांचे लंगोट बदलायचे. फळीखाली पाण्याची बादली, भिंतीला खिळा, खिळ्याला फडकं. नळाला पाणी एक दिवसाआड यायचं, त्यामुळे वाहत्या पाण्याची चैन नव्हती. लंगोट बदलायचा, बादलीत हात बुचकळायचा, फडक्याला पुसायचा, पुढचं पोर घ्यायचं. ताईही अधूनमधून एखादं पोर बदलायची, हात तसेच बुचकळायची आणि परत केळं मऊ करायला बसायची. साबण होता. सकाळी एकदा आणि जेवणाआधी एकदा, पण दोन्ही वेळा त्याच बादलीत. दिवसाला तीसेक लंगोट. तीस वेळा साबण लावत बसली असती तर तोवर एखादं पोर खिडकीतून बाहेर गेलं असतं.

आता ढोल्याचं ऐका. ढोल्या म्हणजे मागच्या गल्लीतल्या ड्रायव्हरचा दीड वर्षाचा मुलगा. गाल असे की डोळे शोधावे लागायचे. ड्रायव्हर टेम्पो चालवायचा आणि त्याची बायको भल्या पहाटे साफसफाईच्या कामाला जायची. तेव्हा पोराला सोडायला तोच यायचा. मागच्या गल्लीत लोक पिवळे पडायला सुरुवात झाली त्याच सुमाराला एका सकाळी तो दारात घुटमळला.

"मावशी, कालपासून ह्याला जरा पातळ होतंय."

"ताप?"

"नाही."

"उलटी?"

"नाही. खेळतोय की मस्त. रात्री माझ्या पोटावर नाचला."

हवालदारने बोट धुतलं आणि ढोल्याच्या तोंडात घालून हिरडी चाचपली. मागे कडक लागलं. ढोल्या कचकन चावला.

"आई गं! दाढ आहे. दात येताहेत त्याला. जा तू कामावर."

हे दोन शब्द म्हणजे पाळणाघरातलं सगळ्या प्रश्नांचं एकच उत्तर. पोर रडतंय? दात येताहेत. लाळ गळतेय, झोपत नाही, चावतंय, जेवत नाही, ढुंगण लाल झालंय? दात येताहेत. तिच्या आईने तिला बघून हेच म्हटलं होतं, आणि आजीने आईला बघून. जी बाई कोमट अंगाचं पोर दारातून हाकलायची, तिच्याच दारातून हे पोर ताठ मानेने आत गेलं.

ढोल्याला दोन दिवस जुलाब झाले, थांबले. आणि चौथ्या दिवशी हिरडीतून पांढरं टोक वर आलं. खरंच आलं! हवालदारने ड्रायव्हरला तोंड उघडून दाखवलं. "बघ, म्हटलं नव्हतं?" म्हणूनच तर ती फसली. दात आलाच नसता तर कदाचित कधीतरी शंका तरी आली असती.

महिना गेला. चौदातल्या एकाही पोराचे डोळे पिवळे झाले नाहीत, आणि हवालदारची मान इंचभर उंच झाली. मग पाळणाघरातल्या एका मुलीची आई आजारी पडली. ती शिंपीण होती. पाठोपाठ आणखी एक आई, मग एका पोराचा बाप. तिघांनाही कावीळ.

"बाहेर अरबटचरबट खाता, मग होणारच," हवालदारने दारात सुनावलं. "माझ्याकडची पोरं बघा. नखाएवढं पिवळं नाही कुणी."

खोटं बोलत नव्हती ती. पोरं टुणटुणीत होती.

ताईने आधी चहा सोडला.

"वास येतोय त्याला."

"कसला?"

"चहाचा."

"मग चहाला काय रॉकेलचा वास येणार?"

ताई हसली, पण कप बाजूला सारला. मग भाताचा वास नको झाला. मग अंग मोडून आलं, कणकण आली. उजव्या बरगडीखाली जड वाटायला लागलं. हवालदारला वाटलं, पित्त. ताईने औषधाच्या दुकानातून तापाच्या गोळ्या आणवल्या आणि सकाळ-दुपार-संध्याकाळ घेतल्या. मधेही एखादी, लपवून. संडासचा बल्ब मिणमिणता. तिथे लघवी गडद दिसली तर ताईने मनाशी म्हटलं, पाणी कमी पितेय.

पाचव्या दिवशी सकाळी ताई खिडकीपाशी एका पोराच्या सदऱ्याचं बटण लावायला बसली होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, "ए, एवढी सुई ओवून दे गं."

हवालदार जागच्या जागी थबकली. वीस वर्षं सुया ओवलेली बाई. गप्पा मारत, न बघता ओवणारी. ती जवळ गेली, सुई घ्यायला वाकली, आणि उजेडात तिला दिसलं.

"ताई, वर बघ."

"कशाला? सुई खाली आहे."

"वर बघ म्हणते ना."

जुन्या सदऱ्याचं पांढरं बटण वर्षानुवर्षं धुऊन पिवळट पडतं, तसे डोळे झाले होते.

"लघवी कशी होते?"

"होते की."

"रंग विचारतेय."

ताईने सदरा मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "दूध न घातलेल्या चहासारखी. चार दिवस झाले. आणि संडासला राखाडी होतंय."

"आणि मला बोलली नाहीस?"

"तू आजारी पोरं दारातून परत पाठवतेस. मला कुठे पाठवणार होतीस?"

दवाखान्यात डॉक्टरने गोळ्यांचं रिकामं पाकीट हातात घेतलं, उलटं करून बघितलं आणि किती दिवसांत संपलं ते विचारलं. ऐकून त्याने ताईला तिथेच ठेवून घेतलं. लिव्हर दुखणाईत असताना ह्या गोळ्या डॉक्टरला न विचारता घ्यायच्या नसतात, हे नंतर त्याने समजावलं. पण नंतर म्हणजे नंतर.

दुसऱ्या दिवशी नर्सबाई पाळणाघरात आली. आजारी माणसांची यादी तिच्या हातात होती. तिने त्यांचे पत्ते मांडून बघितले, तर गल्ल्या वेगवेगळ्या, पाण्याच्या लाईनी वेगवेगळ्या. पण तीन पालक आणि ताई, ह्या चौघांना जोडणारी गोष्ट एकच, हे घर. ती जमिनीवर भिंतीला टेकून बसली आणि तासभर नुसती बघत राहिली. हवालदारने तीन लंगोट बदलले.

"हे पाणी उकळलेलं आहे?" नर्सबाईने बादलीकडे बोट दाखवलं.

"प्यायचं उकळते. दोनशे मोजून. हे हाताचं आहे."

"आणि फडकं?"

"रोज धुते!"

नर्सबाईचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं, हवालदारला भांडता तरी आलं असतं. "मावशी, ही कावीळ लहान पोरांना बहुतेक वेळा पिवळं करत नाही. दोन दिवस पोट बिघडतं, नाहीतर तेही नाही. पोर खेळत राहतं. पण त्याच्या शीवाटे ती कितीतरी दिवस बाहेर पडत असते. ती हाताला लागते, हातातून तोंडात जाते. मग त्याच्याबरोबरच्या पोरांना, आणि त्यांच्याकडून घरच्या मोठ्यांना. पिवळे पडतात ते मोठे. लागल्यापासून महिनाभराने." मग तिने वही उघडली. "दीड-दोन महिन्यांत इथे कुणाला जुलाब झाले होते?"

"नाही. माझ्याकडे तसलं पोर मी घेतच नाही. एकाला फक्त दात ये..."

वाक्य तिथेच राहिलं. ढोल्या फळीवर उताणा पडून पाय झाडत होता. हवालदारचा हात त्याच्या पोटावर होता, आणि तिला तो उचलावा की तसाच ठेवावा हेही कळेना.

"मग मला का नाही झाली?" तिने विचारलं. "बादली तर एकच."

"तुम्हाला लहानपणी नकळत होऊन गेली असेल. एका घरातही एकाला होते, एकाला नाही."

पाळणाघर त्याच दुपारी बंद झालं. फळी ब्लीचिंगच्या पाण्याने पुसली, बादली बाहेर ठेवली. हवालदार दवाखान्यात जाऊन बसली. ताई अजून शुद्धीत होती.

"पोरांपैकी कुणाला झालं नाही ना?" तिने विचारलं.

"कुणाला नाही."

"चांगलं झालं बाई. तू फार केलंस."

हे ऐकून काय वाटलं असेल ते लिहिता येत नाही. हवालदारने उशी सरळ केली. ती सरळच होती.

तिसऱ्या दिवशी ताई दिवसा झोपायला लागली, माणसं ओळखताना चुकायला लागली. डॉक्टर म्हणाले, विष डोक्यात चढतंय. चौथ्या दिवशी तिची बोटं चादरीवर चालायला लागली. टोचायचं, ओढायचं, टोचायचं, ओढायचं.

"किती झाली?" ताईने विचारलं.

"काय गं?"

"काजं."

"झाली. सगळी झाली."

"मग सुट्टी?"

"हो ताई. सुट्टी."

सकाळी सव्वाअकराला ती गेली. बाहेर लख्ख ऊन होतं, आणि वॉर्डात कुणीतरी लादी पुसत होतं.

माती झाल्यावर चुलतभाऊ हवालदारला बाजूला घेऊन बसला. वाईट माणूस नव्हता तो. "हे बघ, तू तोंड उघडू नकोस. पाण्याने गेली म्हण. सगळा गाव पाण्यानेच पिवळा पडलाय. तुझ्या बादलीचं कुणाला कशाला सांगायचं? पाळणाघर बंद पडलं तर खाशील काय?"

खोटंही नव्हतं ते पुरतं. पाण्यापासूनच सुरू झालं होतं. तसं म्हटलं असतं तर कुणी बोट दाखवलं नसतं.

"बाकीच्या घरांचं काय?" ती म्हणाली.

"नर्सबाई सांगणार आहे ना? सोमवारी जाणार आहे ती."

"सोमवार," हवालदार म्हणाली, आणि चपला पायात सरकवल्या.

ती चौदा घरं फिरली. दारात उभी राहून एकच बोलायची, पाठ केल्यासारखं. "कावीळ माझ्या घरातून पसरली. माझ्या हातांनी. ताई त्यानेच गेली. तुमचं पोर धडधाकट दिसलं तरी त्याचं सगळं काढलं की साबण लावून वाहत्या पाण्याखाली हात धुवा, प्रत्येक वेळी. घरात कुणाला अन्नाचा वास नकोसा झाला, ताप आला, लघवी गडद झाली, तर थांबू नका. डोळे दिवसाच्या उजेडात बघा, बल्बखाली दिसत नाही. मनाने गोळ्या घेऊ नका. ज्यांना काही झालेलं नाही त्यांनी आजच दवाखान्यात जाऊन लसीचं विचारा."

कुणी रडलं. कुणी दार लावलं. शिंपिणीची सासू म्हणाली, "आमची सून महिनाभर अंथरुणाला खिळलीय, आणि तू आता सांगतेस?" हवालदारने ऐकून घेतलं. जिने कुणाचं अर्धं वाक्य कधी पुरं होऊ दिलं नाही, ती सगळं ऐकून घेत होती.

मागच्या गल्लीत पाच-सहा जण गोळा झाले. एकाने विचारलं, "पण आणली कुणाच्या पोराने? ते सांगा ना. कुठल्या घरातलं?"

ड्रायव्हर ढोल्याला कडेवर घेऊन मागे उभा होता. त्याचा चेहरा राखेसारखा झाला. "मावशी, ते आमच्या..."

"तू मधे बोलू नकोस!" हवालदार अशी ओरडली की ढोल्या दचकला. "तुला कुणी विचारलंय? पोरं काही आणत नाहीत. हात माझे होते. नाव हवंय ना? माझं घ्या."

मग जमलेले एकेक करून पांगले.

शेवटचं घर गवंड्याचं. त्याची बायको दारातच म्हणाली, "आत नका येऊ मावशी, हे झोपलेत. पित्त झालंय. चार दिवस काही पोटात ठरत नाही."

हवालदार तिला ओलांडून आत गेली. गवंडी भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"ऊठ. खिडकीपाशी ये."

"मावशी, झडती पोराची घ्या, माझी काय घेता? मला उद्या स्लॅब आहे."

"स्लॅब पडू दे तुझा. ये म्हणते ना."

तो भिंत धरत आला. तिने त्याची खालची पापणी अंगठ्याने ओढली आणि तशीच धरून ठेवली. मग त्याच्या बायकोला म्हणाली, "रिक्षा बोलाव. वाटेत याला एकही गोळी देऊ नकोस."

दवाखान्यात रक्त काढलं, तपासलं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत, लिव्हर चांगलं आहे, आराम करू दे, महिन्या-दीड महिन्यात उठेल. गवंड्याची बायको बाकावर बसून इतका वेळ रडली की तिला उचकी लागली. हवालदारने तिला पाणी आणून दिलं, पाठीवरून हात फिरवला. उन्हं कलली. भेटायला आलेली माणसं निघायला लागली.

"तुम्ही जा आता मावशी," ती नाक पुसत म्हणाली. "सकाळपासून पायावर आहात. ताई वाट बघत अस..."

तिने जीभ चावली.

"असू दे," हवालदार म्हणाली, आणि तिथेच बाकावर बसून राहिली.